घरच्या गाडीचे ऑइल घरीच बदला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पऱ्हाटीचा खर्च मांडायला बसलो की आपण सरकी धरतो, खत धरतो, फवारणी धरतो, वेचणीची मजुरी धरतो. वावरापर्यंत नेणारी फटफटी कुणी धरत नाही. ती आठवते इंजिन जाम होते त्या दिवशी. मग पिस्टन काढा, बोअर करा, आणि हे सगळे नेमके वेचणीच्या नाहीतर ज्वारीच्या सोंगणीच्या धावपळीत. पुष्कळदा कारण एवढेच निघते, की ऑइल कमी झाले होते आणि कुणी पाहिले नव्हते.

यामागे जुनी सवय आहे. राजदूत, लुना या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते जळून धुरात जायचे. पेट्रोल भरले की ऑइलही नवे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि फोर-स्ट्रोक गाडी गावोगाव पोचली. हिच्या पोटात जेमतेम लिटरभर ऑइल. पिस्टनला तेच, गिअरला तेच, क्लचप्लेटलाही तेच. फिरून फिरून तेवढेच वापरले जाते आणि थोडे थोडे जळतेही. त्यात आपल्या पांदणीचा फुफाटा! एअर फिल्टर फाटका असला तर ती माती थेट पिस्टनपर्यंत जाते.

ऑइल काळे पडले म्हणजे मेले, असे समजू नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. दांडीवर ते ताकासारखे दुधाळ दिसले तर मात्र सावध व्हा. आत पाणी गेले आहे. आणि दर पंधरा दिवसांनी दांडी बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवे.

आता बदलायचे कसे. वॉरंटीतली गाडी असेल तर हात लावू नका, ती कंपनीच्या सर्व्हिसला जाऊ द्या. बाकीच्यांनी गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर लावावी. तीन-चार मिनिटे इंजिन चालवून बंद करावे. कोमट ऑइल मोकळे उतरते, फार तापलेले हात भाजते. खाली घमेले ठेवा, दांडीचे टोपण काढा, मग इंजिनाच्या बुडाचा बोल्ट सोडा. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांना १७ चा पाना लागतो. दहा-पंधरा मिनिटे निथळू द्या.

बोल्ट परत लावताना मात्र जोर दाखवू नका. बैलगाडीची चाकबंदी नव्हे ही! इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते, आटे गेले की वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे जातात. वायसर तपासा, बोल्ट आधी बोटांनी फिरवा. सरळ जात नसेल तर काढून पुन्हा लावा. पाना शेवटी, आणि बेताने.

नवे ऑइल किती आणि कोणत्या ग्रेडचे, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. किती किलोमीटरला बदलायचे तेही तिथेच. आपला रस्ता धुळीचा, तेव्हा थोडे आधीच बदललेले बरे. कारचे उरलेले ऑइल मोटारसायकलला घालू नका, क्लच घसरू शकतो. डबा सीलबंद घ्या, पावती मागा, आणि रिकामा डबा फोडूनच भंगारात द्या. नाहीतर त्यात बनावट माल भरून तो आपल्यालाच विकला जाईल. ऑइल ओतल्यावर इंजिन दोन मिनिटे चालवा, बंद करून थोडे थांबा, मग दांडी पाहा.

राहिले जळके ऑइल. ते धुऱ्यावर, नाल्यात, विहिरीजवळ ओतायचे नाही. बैलाच्या जखमेवर लावायची रीत आहे, तीही सोडा. हे ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर कॅन्सरचा धोका असतो, म्हणून काम झाले की हात साबणाने धुवा. पाण्याच्या बाटलीत ते भरू नका, घरात लेकरे असतात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

जेवणानंतर मांडवामागे लिंबाखाली एक गाडी उभी असेल. तिचे ऑइल आपण तिथेच बदलणार आहोत. बाया-माणसे दोघांनी यावे. पाना ज्याला धरायचा त्याने धरावा.