त्रुटींची जाहीर नोंदवही

सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेला बाधक अशी त्रुटी सापडली की तिला क्रमांक मिळतो आणि ती कोणालाही पाहता येईल अशा यादीत चढते. ‘सीव्हीई’ नावाची ही यादी अमेरिकेतील माइटर या संस्थेने १९९९ मध्ये सुरू केली. तोवर एकाच त्रुटीला जो तो आपल्या मनाने नाव देई आणि दोन कंपन्या एकाच दोषाविषयी बोलत आहेत की वेगवेगळ्या, याचा पत्ता लागत नसे. पहिल्या यादीत ३२१ नोंदी होत्या. २०२४ या एकाच वर्षात सुमारे ४० हजारांची भर पडली.

नोंद तशी त्रोटकच असते: कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, दोष काय. त्रुटी किती गंभीर, हे शून्य ते दहा गुणांत सांगतात. डिसेंबर २०२१ मध्ये गाजलेल्या ‘लॉगफोरजे’ या सॉफ्टवेअरमधील त्रुटीला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

दोष असा चव्हाट्यावर मांडला तर चोरांचेच फावणार नाही का? म्हणून कंपनीला आधी गुपचूप कळवायचे आणि दुरुस्ती, म्हणजे पॅच, तयार झाल्यावर नोंद उघड करायची, असा रिवाज आहे. खरी गफलत होते ती त्यानंतर: आलेला पॅच अनेक जण लावतच नाहीत. विंडोजमधील ०१४४ क्रमांकाच्या त्रुटीवर मार्च २०१७ मध्येच पॅच आला होता. तरी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने तिच्यातूनच शिरून जगभर धुमाकूळ घातला. जूनअखेरीस त्याच त्रुटीचा फायदा घेत ‘नॉटपेट्या’ हा दुसरा घातक प्रोग्राम पसरला आणि मार्स्क या जहाजवाहतूक समूहाचे न्हावाशेवा बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. नॉटपेट्या संगणकातले पासवर्डही चोरत असे. त्यामुळे पॅच न लावलेला एखादा संगणकही त्याला पुरे. तिथून तो पॅच लावलेल्या संगणकांतही शिरे.

या यादीचा खर्च अमेरिकी सरकार उचलते, हे तिचे बळ आणि तिची दुखरी नसही. एप्रिल २०२५ मध्ये माइटरचा करार संपत आला, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी त्याला अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. पुढच्याच महिन्यात युरोपीय संघाने स्वतःची यादी खुली केली. भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेला २०२१ पासून सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार आहे. भारतीय बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी आढळल्यास तिथे कळवता येते.