पोकलेनच्या पडद्यावरचा कोड



जव्हार-मोखाड्यात पाऊस ओसरला, की शेततळ्यांची, रस्त्यांची कामं निघतात.
जुनं पोकलेन चालू करावं,
तर पडद्यावर फॉल्ट कोड!

लगेच सेन्सर बदलू नका.
कोड सर्किट दाखवतो,
खराब झालेला भाग नव्हे.

आधी कोड लिहून घ्या.
चावी बंद करा.
बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची वायर बघा.
मग कनेक्टर उघडा.
इथल्या पावसाच्या ओलीने पिनांवर हिरवट गंज धरतो.
कुठे उंदरांनी वायर कुरतडलेली असते.
टेप गुंडाळलेल्या जोडावर माझा पहिला संशय!

पुन्हा सांगतो,
कोड सर्किट दाखवतो, भाग नव्हे.
वायरिंग शाबूत असेल,
तरच मीटर लावून सेन्सर तपासा.

जुनं यंत्र विकत घेताय?
कोड पुसलेले असू शकतात.
तासभर खोदकाम करून पाहा,
मग पडदा पुन्हा बघा.