झुकलेले कलम उभे करताना

(भोर आणि वेल्हे भागातील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्ज, वीज आणि भाताचा भाव यांवर सकाळपासून बोलून झाले. आमच्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने लहान आहे. वाऱ्याने झुकलेले फळझाडाचे कलम उभे कसे करायचे, एवढाच. पण ज्या बाईने दोन उन्हाळे डोक्यावरून हंडे नेऊन वरकस उतारावरची कलमे जगवली, तिला विचारा हा विषय लहान आहे का.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले आणि त्याच दिवशी त्याचा वारा घाट चढून आपल्याकडे आला. तेव्हा आमच्या पाहण्यात आलेल्या दोन बागा सांगतो. दोन्हींत तीन-तीन वर्षांची आंब्याची कलमे, मध्ये एकच बांध. दोन्हीकडची झाडे एकाच दिशेला कलली, एका बाजूची मुळे उघडी पडली. एका शेतकऱ्याने त्याच संध्याकाळी उघड्या मुळांवर ओली माती ओढली आणि वर भाताचा पेंढा टाकला. दुसऱ्याने हात लावला नाही. त्याला कोणीतरी सांगितले होते, पंचनामा होईपर्यंत काही हलवू नकोस, नाहीतर भरपाई बुडेल. आठ दिवस गेले. मध्ये ऊन पडले, मुळे वाळली. नंतर त्यानेही झाडे उभी केली, पण दिवाळीपर्यंत त्यातली बरीच जळाली.

यात त्या शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पिकाचे नुकसान ३३ टक्के भरल्याशिवाय मदत नाही, असा नियम २०१५ पासून आहे. तो माणूस टक्के सांभाळत बसला आणि झाडे गमावली. फळबागेच्या अनुदानाचेही तसेच. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड आली आणि डोंगरउतारावर आंबा चढला. पुढे २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर योजना आली. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे, आणि पुढचे हप्ते हवे असतील तर कोरडवाहूत ८० व बागायतीत ९० टक्के झाडे जिवंत हवीत, अशी अट. म्हणजे कोरडवाहू बागेत शंभरातली एकवीस गेली की हप्ता अडकला. झुकलेले झाड आज जिवंत असते, पण पुढच्या मोजणीपर्यंत ते कोणत्या बाजूला जाईल, हे तुम्ही पहिल्या दोन दिवसांत काय करता यावर ठरते.

आता कामाचे बोलू. आधी झाड का झुकले ते पाहा. बुंधा हातात धरून हळूच हलवा. बुडाजवळची माती हलली, तर मुळांची पकड सुटली आहे. माती घट्ट आहे आणि खोडच वाकले आहे, तर ते झाड उजेडाकडे गेले आहे किंवा शेंड्याच्या भाराने वाकले आहे. माती न हलता झाड बुडातून लटपटत असेल, तर माती उकरून वाळवी, उंदीर किंवा कूज पाहा. या तिघांना औषध एक नाही.

आपल्याकडे पहिला प्रकार जास्त. कारण उघड आहे. मुरमात मीटरभर खड्डा घेतला, भुसभुशीत मातीने भरला, त्यात पिशवीतले कलम लावले. पिशवीत मुळे गोल गुंडाळलेली असतात. ती सोडवून लावली नाहीत तर खड्ड्याबाहेर जातच नाहीत. मग जुलैत खड्ड्याचा चिखल होतो आणि घाटावरचा वारा दिवसरात्र एकाच बाजूने येतो. झाड कलेल नाही तर काय होईल?

ते उभे करायचे तर घाई दोरीची नाही, मातीची करा. झाड ज्या बाजूला झुकले त्याच्या उलट बाजूला मुळे उचललेली असतात आणि त्यांच्याखाली माती ढासळून बसलेली असते. ती माती हाताने किंवा खुरप्याने काढा. कुदळ घालू नका. जागा मोकळी झाली की मुळांचा गड्डा परत खाली बसतो. माती कोरडी असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या. मग एकाने बुडाजवळ धरायचे आणि दुसऱ्याने माती भरायची. कलमाच्या जोडाला धरून कधीही ओढू नका, तिथेच मोडेल. कडकड वाजले की थांबा. झाड मोठे असेल, खोड मनगटाएवढे झाले असेल, तर एका दिवसात सरळ करण्याचा हट्ट नको. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे आणा. माती भरून पायाने बेताने दाबा, पाणी द्या, पुन्हा खचली तर पुन्हा भरा. उतारावर खालच्या बाजूला दगडांची अर्धगोल ताल घाला. तुटकी मुळे स्वच्छ कापा आणि शेंडा थोडा हलका करा, म्हणजे वाऱ्याला धरायला कमी उरेल. जोडाखालची फूट दिसली की काढून टाका.

आता काठी. इथे आमची स्वतःची चूक सांगतो. पदवी घेऊन नवीन आलो तेव्हा आम्ही प्रत्येक कलमाला खेटून एक काठी ठोकायला आणि नायलॉनच्या सुतळीने वरपर्यंत आवळून बांधायला सांगत होतो. बाग कवायतीसारखी दिसायची. दीड वर्षाने सुतळी सालीत रुतली आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात झाडे नेमकी त्या गळ्याशी मोडली. ती बांधणी तुम्ही केली होती, पण शिकवण आमची होती.

फ्रान्सच्या निकोला आंद्री या वैद्याच्या १७४१ सालच्या पुस्तकात वाकड्या झाडाचे चित्र आहे. खुंटाला दोरीने वेढे देऊन बांधलेले झाड. जगभरच्या हाडांच्या डॉक्टरांच्या अनेक संघटनांनी ते आपले चिन्ह केले. त्यांना ते शोभते. शेतकऱ्याने मात्र तसे बांधू नये. इंग्लंडच्या टॉमस नाइटने १८०३ साली सफरचंदाच्या लहान झाडांवर प्रयोग करून दाखवले, की वाऱ्याने हलणाऱ्या झाडाचा बुंधा बांधून ठेवलेल्या झाडापेक्षा जास्त भरतो. हलल्याशिवाय खोडात बळ येत नाही.

म्हणून काठ्या दोन. झाडाच्या दोन बाजूंना, मुळांचा गड्डा सोडून, न खणलेल्या घट्ट जमिनीत. बांबू नसेल तर जाड कारवी चालेल. बांधायला जुन्या लुगड्याची पट्टी किंवा सायकलची ट्यूब. काठी आणि खोड यांच्यामध्ये आठाच्या आकड्यासारखा फास, झाडाच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. शेंडा हलला पाहिजे, बूड हलता कामा नये. दर दोन महिन्यांनी फास सैल करा. एक पावसाळा काढला की काठ्या काढून टाका.

आणि प्रत्येक झाड सरळ केलेच पाहिजे असे नाही. थोडे कललेले, पण बुडात घट्ट असलेले झाड तसेच राहू द्या. आंब्याचे खोड वरच्या बाजूला ताण घेणारे लाकूड तयार करते आणि नवा शेंडा आपोआप वर वळतो. सरळ झाड दिसायला बरे, पण आपल्याला आंबे काढायचे आहेत.

दोन गोष्टी ठरवून उठू या. पहिली, मृगाच्या आत प्रत्येक गावातल्या चार-पाच जणांनी सगळ्या नव्या बागांतून फिरून बुंधे हलवून पाहायचे. विधवा बहिणींच्या आणि मुंबईला गेलेल्यांच्या बागा आधी. दुसरी, वादळानंतर त्याच दिवशी प्रत्येक झुकलेल्या झाडाचा तारखेसह फोटो घ्यायचा, गावातल्या दोघांच्या सह्यांनी यादी करायची आणि लगेच मुळे झाकायची. हा फोटो आणि ही यादी पंचनाम्यात धरली जावी, अशी मागणी आपण तहसीलला लेखी देऊ. भोरला एक, वेल्ह्याला एक. वेल्ह्याचे नाव सरकारदप्तरी आता राजगड झाले आहे, तेव्हा अर्जावर तेच लिहा, नाहीतर अर्ज त्यावरूनच परत येईल.

अर्जाचे उत्तर केव्हा येईल ते येवो. मुळे झाकायला कोणाची परवानगी लागत नाही.