शाळेचे दप्तर आणि त्याचे राखणदार



आजच्या व्याख्यानाचा विषय अध्यापनाचा नसून दप्तराचा आहे, हे ऐकून आपणांपैकी काहींचा थोडा हिरमोड झाला असल्यास नवल नाही. दप्तर म्हटले की प्राथमिक शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. कारण नाना तऱ्हेची माहिती मागविणाऱ्या पत्रकांनी त्याचा वर्गातील पुष्कळ वेळ आजवर खाल्ला आहे. ती तक्रार रास्त आहे आणि तिचा प्रतिवाद मी करणार नाही. परंतु वरून मागविलेली माहिती निराळी आणि शाळेने आपली म्हणून राखावयाची नोंद निराळी. पहिली पाठविली की तिचे काम संपते. दुसरीचे काम कित्येकदा नोंद करणारा निवृत्त झाल्यावरच सुरू होते. आज मी बोलणार आहे ते केवळ ह्या दुसऱ्या प्रकाराविषयी.

नोंद कशी राखावी ह्याचा उत्तम धडा आपल्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी उभा आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. सहलीच्या मुलांना तिच्या फाटकापर्यंत नेलेही असेल. ती मूळची मुंबईच्या कुलाब्याची. (हा कुलाबा मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचा, आपला जिल्हा १९८१ पर्यंत ज्याच्या नावाने ओळखला जाई तो अलिबागचा जलदुर्ग वेगळा. ह्या नामसाम्याने पुष्कळांचा घोटाळा होतो.) मुंबईच्या कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या सुरू होण्याचे ठरले, आणि त्या विजेमुळे नाजूक चुंबकसूची विचलित होणार हे दिसताच संचालक नानाभाई मूस ह्यांनी वेधशाळा १९०४ साली अलिबागेस आणली. येथील इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ह्यापुढची आहे. नवीन जागा मिळाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ ह्या दोन वर्षांत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुन्या आणि नव्या आकड्यांतील फरक कळावा आणि १८४१ पासूनची मालिका तुटू नये म्हणून. मग १९१० साली मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या निरीक्षणांचे संकलन छापून काढले.

ह्या सायासाचा उपयोग काय झाला ते पाहा. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. त्या वेळी मुंबईच्या कुलाब्यास आपोआप रेघ ओढणारी यंत्रे नव्हती. माणसे डोळ्यांनी वाचन करीत व वहीत लिहीत. एरवी हे वाचन तासातासाने होई. सुई खवळलेली दिसताच त्यांनी पंधरा-पंधरा आणि पाच-पाच मिनिटांनी आकडे टिपले. सूर्यावर काय घडले हे त्यांना ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. पुढे २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थानातील आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी त्या वहीतील आकड्यांवरून दाखवून दिले की क्षैतिज चुंबकबल त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. आज उपग्रह आणि विजेची जाळी ह्यांना अशा वादळापासून केवढा धोका आहे, ह्याचा विचार करणारे शास्त्रज्ञ जगभर त्या आकड्यांचा आधार घेतात. लिहिणाऱ्या त्या सेवकांची नावे कोणास माहीत नाहीत. त्यांचे आकडे मात्र राहिले आहेत.

आपल्या शाळेतील जनरल रजिस्टर ही अशीच वही आहे. पहिलीत नाव दाखल करताना आपण जे लिहितो त्याचा उपयोग त्या मुलाला कोणत्या प्रसंगी होईल हे आपणांस दिसत नसते. अनुसूचित जातींच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरात सातबारा नाही, खरेदीखत नाही, अशा घराजवळ त्या काळचा कागद कोणता असणार? आजोबा किंवा चुलत आजोबा दोन वर्षे शाळेत गेले असतील तर तेवढीच एक ओळ. ती कोणा गुरुजींनी कंदिलाच्या उजेडात लिहिली असेल. आज नातवाचा अभियांत्रिकीचा प्रवेश तीवर अवलंबून आहे.

म्हणून जातीच्या रकान्यात 'आदिवासी' एवढेच लिहिणे म्हणजे नोंद नव्हे. कातकरी कुटुंबाने 'कातकरी' सांगितले असेल तर तो शब्द तसाच उतरला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर 'कोळी' एवढ्या मोघम शब्दानेही गोंधळ होतो; सोनकोळी आणि महादेव कोळी ह्यांची गणना शासनाच्या निरनिराळ्या यादीत आहे. पालक जे सांगतील आणि जो कागद दाखवतील तेच लिहावे. आपण तर्काने पूर्ण करू नये, आणि कोणाच्या भल्यासाठीही वाकडे करू नये. भले करण्याच्या हेतूने केलेली खाडाखोड पडताळणीच्या वेळी त्या मुलावरच उलटते. दुरुस्ती करणे प्राप्तच असेल तर मूळ शब्द वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारावी, वर शुद्ध शब्द लिहून बाजूस आदेशाचा क्रमांक, तारीख आणि सही घालावी. पांढऱ्या शाईची बाटली जनरल रजिस्टरच्या कपाटात असू नये हे माझे ठाम मत आहे.

जन्मतारखेविषयी तर बोलावयासच नको. मागच्या पिढीत १ जूनला जन्मलेले लोक एवढे कसे, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. आई सांगे, 'ज्या वर्षी मोठे वादळ झाले त्या वर्षीचा'. गुरुजी मूल अंगाने मोठे दिसते की लहान ते पाहून वर्ष ठरवीत आणि तारीख १ जून घालीत, की प्रवेशास वयाची अडचण येऊ नये. त्यात दुष्टपणा नव्हता, मायाच होती. परंतु आधार न लिहिल्याने अंदाज आणि सत्य ह्यांतील भेद पुसला गेला. १९८८ साली राजस्थानातील एका निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ह्याच मुद्द्यावर बोट ठेवले. शाळेच्या रजिस्टरातील नोंद पुराव्यात घेता येते. परंतु वय कोणी सांगितले, कशाच्या आधारे सांगितले हे कळत नसेल तर तिला फारसे वजन देता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखला हाच शाळाप्रवेशाचा पुरावा ठरविला आहे, ही चांगली गोष्ट. तथापि त्याआधी जन्मलेली मुले अद्याप आपल्या दारात येत राहतील. वयाचा पुरावा नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. शिक्षणहक्काच्या कायद्याने ते स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रवेश द्यावा आणि शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द लिहावे: 'आईच्या सांगण्यावरून', 'अंगणवाडीच्या नोंदीवरून', जे खरे असेल ते. हे चार शब्दच न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होत.

नोंद लिहिली, पण सापडली नाही, तर तिचा असून उपयोग काय? पेशवे दप्तराचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, हजारोंनी आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई ह्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा अभ्यासकांना त्या अरण्यात पायवाट मिळाली. कागद तर शंभरांहून अधिक वर्षे तेथेच होते! २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरेही बाहेर निघाली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. परंतु कपाटे उघडल्यावर कित्येक ठिकाणी मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला, ही गोष्ट आपण शिक्षकांनी मनावर घेण्यासारखी आहे. एके काळी मोडी आपल्याच शाळांतून शिकविली जात होती. पुराभिलेख संचालनालय आजही तिचे प्रशिक्षणवर्ग घेते. ज्या केंद्रात जुन्या मोडी नोंदींची रजिस्टरे आहेत तेथून एकेका तरुण शिक्षकाने तरी ह्या वर्गास जावे.

सूची करण्याच्या कामास मात्र कोणत्याही वर्गास जावे लागत नाही. शाळेचे पहिले रजिस्टर कोणत्या साली सुरू झाले, एकूण किती खंड आहेत, कोणत्या खंडात कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत नोंदी आहेत, कोणता खंड गहाळ आहे, हे एका पानावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे. त्यानंतर दर शनिवारी एक पान ह्या हिशोबाने आडनावांची अकारविल्हे सूची सुरू करावी. डॉ. रंगनाथन हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होईपर्यंत ते तुमच्यामाझ्यासारखे शिक्षक, गणिताचे. वाचकाचा वेळ वाचविणे हे त्यांनी ग्रंथालयाचे कर्तव्य मानले. दाखल्यासाठी रोजगार बुडवून वाडीवरून आलेल्या माणसाचा वेळही तितकाच मोलाचा आहे. त्यास 'पुढच्या सोमवारी या' असे सांगणे म्हणजे त्याची आणखी एक दिवसाची मजुरी घेणे होय.

येथवर कागदाविषयी झाले. परंतु शाळेजवळ असे पुष्कळ ज्ञान असते की जे कोणत्याच रजिस्टरात नसते. दिवाळीनंतर कोणत्या कातकरवाडीची कुटुंबे वीटभट्टीवर जातात, कोणत्या मुकादमाबरोबर जातात, पावसाच्या तोंडाला कोणत्या आठवड्यात परततात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की कोणती मुले धाकट्या भावंडांसाठी घरी राहतात. उधाणाच्या भरतीला खाडीपलीकडची मुले कोणत्या वाटेने येतात. कोणाच्या घरी वडिलांऐवजी मामाशी बोलावे लागते. हे सारे दहा वर्षे गावात राहिलेल्या शिक्षकाच्या मनात असते. त्याची बदली होते. चार्ज देताना टेबले, खुर्च्या, तराजू, घंटा, पृथ्वीगोल ह्यांची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. चार्ज यादीत सगळे सामान येते, गाव तेवढे येत नाही. नवीन शिक्षक ते सर्व पुन्हा पहिल्यापासून शिकतो आणि तेवढ्या अवधीत चार-पाच मुले हातची जातात.

ह्यावर उपाय म्हणून मी दोन पानांचे एक टिपण सुचवितो. बदलीचा आदेश येईपर्यंत थांबू नये. दर वर्षी एप्रिलात ते नवे करावे. त्यात मते नकोत, कोणाची निंदा नको, घरांची गुपिते तर नकोतच; केवळ नव्या शिक्षकाला मूल शाळेत आणण्यास उपयोगी पडेल तेवढे लिहावे. शक्य असेल तेथे मावळत्या आणि नव्या शिक्षकाने एक दिवस तरी बरोबर वाडीवस्तीवर फिरावे. वेधशाळेने दोन वर्षे दोन्ही यंत्रे एकत्र चालविली. आपणांस एवढा एक दिवस पुरे.

आता कोणी म्हणेल, सारी माहिती २०१५ पासून 'सरल' प्रणालीत संगणकावर जात आहे, मग वह्यांचे एवढे कौतुक कशास? संगणकाचा उपयोग मी नाकारीत नाही. शोधण्याच्या कामी त्याच्या तोडीचे साधन नाही. परंतु १९५० ची ओळ त्यात नाही. आणि तेथे भरली जाणारी नोंदही शेवटी ह्या वहीवरूनच भरली जाते. वहीतले नाव चुकले तर संगणक ती चूक निमूटपणे आणि फार वेगाने सर्वत्र पोचवितो.

ह्या कामाचे शिक्षण आपणांपैकी बहुतेकांस अध्यापक विद्यालयात मिळालेले नाही. म्हणून केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत वर्षातून दोन वेळा एक तास ह्यासाठी द्यावा, आणि तो व्याख्यानाने घालवू नये. जुने रजिस्टर समोर ठेवून एक नाव द्यावे व किती मिनिटांत सापडते ते पाहावे. एक अपुरी नोंद द्यावी व तीत काय राहिले ते काढावयास सांगावे. तीनचार परिषदांत हात बसेल.

शेवटी आपल्या हवेविषयी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले आणि कित्येक शाळांची छपरे उडाली. महाडकडे २००५ आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी शिरले. तेव्हा मे अखेरीस सर्व जनरल रजिस्टरे खालच्या कप्प्यातून वर घ्यावीत. ती सुती कापडात बांधावीत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधल्यास आतला दमट वारा कोंडतो आणि बुरशी येते. खाऱ्या हवेत पत्र्याची पेटी गंजते व तिचे डाग कागदावर उतरतात, म्हणून पेटी वापरल्यास आत कापड अंथरावे. पान फाटले तर चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत तिचा डिंक कागद खातो. पाण्याने पसरणारी शाई ह्या रजिस्टरास वापरू नये. इतके करूनही रजिस्टर भिजले तर ते उन्हात टाकू नये, इस्त्री करू नये, चिकटलेली पाने ओढू नयेत. सावलीत, वाऱ्यावर उभे उघडून ठेवावे, पानांमध्ये कोरा टिपकागद घालावा आणि तो दर काही तासांनी बदलावा. दोन दिवसांच्या आत हे झाले नाही तर बुरशी धरते; म्हणून शाळेचे छप्पर दुरुस्त होण्याची वाट न पाहता ते रजिस्टर गावातील ज्या घरी कोरडा माळा असेल तेथे त्याच दिवशी न्यावे, आणि नेले त्याची पोचपावती घ्यावी.