पाचशे एकतीस



गाड्यांच्या वायरिंगचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं. आज बोलायचंय ते परदेशातून आलेल्या गाड्यांवर कारखान्याने टाकलेल्या आकड्यांबद्दल, आणि बॅटरीच्या खटक्याबद्दल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो हे मला एका डॉक्टरांच्या मर्सिडीजने शिकवलं.

गाडी होती 250 डी, डब्ल्यू 124 मालिकेतली, डिझेल. याच मालिकेची गाडी पुढे 1995 पासून आपल्या पिंपरीत जोडली जाऊ लागली. डॉक्टरांची मात्र त्याआधीची, इंग्लंडहून परतताना सामानाबरोबर आणलेली. तक्रार एकच : चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, सेल्फ नुसता कण्हतो. आधीच्या एका गॅरेजने यावर इलाज म्हणून बॅटरीच्या मायनसवर खटका बसवून दिला होता. तुम्ही पाहिला असेल, पितळी तुकडा आणि त्यावर हिरवी प्लास्टिकची फिरकी. सैल केली की करंट बंद, आवळली की चालू. डॉक्टर रोज रात्री भर पावसात, काखेत छत्री धरून, बॉनेट उघडून ती फिरवत. सकाळी घड्याळ चुकलेलं आणि रेडिओ कोड मागत बसलेला. मला म्हणाले, ‘‘मिस्त्री, ही गाडी आहे की गाय? रात्री बांधायची, सकाळी सोडायची.’’

खटका वाईट नाही. महिनोन् महिने गाडी उभी राहणार असेल तर तो हवाच. धडधाकट गाडीसुद्धा बंद असताना थोडा करंट पीतच असते. तो 50 मिलिअँपिअर धरा. दिवसाला 1.2 अँपिअर-अवर झाले, साठ दिवसांत 72. म्हणजे एक मध्यम बॅटरी पार कोरडी. म्हणून तर जहाजावर चढणाऱ्या नव्या गाड्यांची बॅटरी वाचवायची काही ना काही सोय कारखानेच करून पाठवतात. पण चार दिवसांत बॅटरी उतरणं हा रोग आहे, आणि रोगावर खटका बसवणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणं.

मायनस काढून मध्ये मीटर लावला. अर्धा अँपिअर! 74 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून रोज बारा जात होते. मग एकेक फ्यूज काढत गेलो. एका फ्यूजला काटा खाली आला, पण त्या फ्यूजवर चार-पाच गोष्टी. आतला दिवा, डिकीचा दिवा, घड्याळ... एकेक सोडवून पाहिलं. सगळं ठीक. काटा जागचा हलेना.

तेव्हा पोऱ्याला म्हटलं, पुढची पट्टी पूस. या गाड्यांना रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते, ग्रीस आणि धुळीने भरलेली. तिच्यावर रंगाचा नंबर असतो आणि तीन-तीन आकड्यांची रांग असते. गाडी बनताना गिऱ्हाईकाने जे जे जास्तीचं मागितलं, ते त्यात लिहिलेलं. 412 म्हणजे सनरूफ, 580 म्हणजे एसी, 873 म्हणजे गरम होणाऱ्या पुढच्या सीटा. गंमत अशी की नसण्यालाही आकडा आहे. 260 म्हणजे डिकीवर मॉडेलचं नाव लावू नका. आपल्याकडे साध्या मॉडेलवर मोठ्या मॉडेलचा बिल्ला चिकटवणारे पाहिले, की मला हा 260 आठवतो.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. 494 हा आकडा बीएमडब्ल्यूच्या यादीत सीट गरम करण्याचा, तर मर्सिडीजच्या यादीत अमेरिकेसाठी बनवलेल्या गाडीचा. फोक्सवॅगनचे लोक आकड्यांत अक्षरं मिसळतात : एल-शून्य-आर म्हणजे उजव्या हाताचं स्टिअरिंग. एकाची यादी घेऊन दुसऱ्याची गाडी वाचायला बसलात तर नाही त्या वायरी शोधत दिवस जाईल.

डॉक्टरांच्या पट्टीवर पोऱ्याने वाचलं, ‘‘पाचशे एकतीस.’’ 531, म्हणजे आपोआप वरखाली होणारी अँटेना. मी गाडीभोवती फिरलो. अँटेना होती, पण साधी, पुढच्या काचेला चिकटवलेली. मग मागच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. एका जागी रंगाखाली गोल उंचवटा लागला. कुणीतरी मोडकी अँटेना काढून, भोक बुजवून, वर रंग मारला होता. डिकीचं अस्तर सोडलं. आत मोटर तशीच! भोकातून कधीकाळी झिरपलेल्या पाण्याने गंजलेली, प्लग जोडलेलाच. हात लावला तर कोमट. बंद गाडीतली, चार वर्षांत न फिरलेली मोटर कोमट! प्लग ओढला, पोरगा पुढून ओरडला, ‘‘उस्ताद, पडला काटा!’’ मीटरवर 30 मिलिअँपिअर.

आधीच्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही. जी वस्तू दिसतच नाही ती तो कुठे शोधणार? गाडीवर नसलेली अँटेना फक्त त्या पट्टीवर शिल्लक होती.

त्या हिरव्या फिरकीची अजून एक गोष्ट. डॉक्टरांच्या मुलाची समजूत अशी, की कधी आग लागली किंवा कुणी गाडी पळवू लागलं, तर फिरकी सोडली की इंजिन बंद. मी म्हटलं, या डिझेलला एकदा चालू झाल्यावर विजेची गरजच नाही. चावी फिरवल्यावर ते बंद होतं ते हवेच्या निर्वात ओढीने, पंपातून जाणारं डिझेल तोडून. ती रबरी नळी फुटली तर चावी खिशात टाकून तुम्ही घरात जाल आणि गाडी अंगणात धडधडत राहील. त्यासाठी इंजिनवर ‘स्टॉप’ लिहिलेली छोटी दांडी असते, ती दाबायची. पेट्रोल गाडीतही चालू इंजिनात नुसता बॅटरीचा खटका सोडला तर अल्टरनेटर करंट देतच राहतो. वर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जातात ते वेगळंच. शर्यतीच्या गाड्यांवर निळ्या त्रिकोणात लाल वीज काढलेली दिसते ना, तिथला खटका निराळा. त्याने बॅटरीही तुटली पाहिजे आणि इंजिनही थांबलं पाहिजे असा मोटार-शर्यतींच्या एफआयए या संस्थेचा नियम आहे, म्हणून त्यात जास्तीचे संपर्क असतात. शंभर-दोनशेच्या फिरकीकडून ती अपेक्षा करू नये.

फिरकी मी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, कशासाठी ते मी विचारलं नाही.

डिसेंबरात, पुण्यात चांगलीच थंडी पडलेली असताना, एका सकाळी गाडी परत दारात. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर काच खाली करून म्हणाले, ‘‘बॅटरी ठणठणीत आहे हो. पण त्या आठशे त्र्याहत्तरचं बटण कुठलं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.’’