स्प्रूसच्या सुईची साक्ष



पुण्या-मुंबईच्या बागांतून ज्याला आपण ख्रिसमसचें झाड म्हणतों, तें बहुधा अरौकेरिया असतें; स्प्रूस नव्हे. खरा स्प्रूस पाहावयाचा तर सिमला-कुलूकडे जावें. तिकडे त्याला राई म्हणतात. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें त्याच्या युरोपांतील भावंडाविषयीं. आल्प्स, कार्पेथियन आणि स्कॅंडिनेव्हिया येथील डोंगरांना ज्यानें काळसर हिरवा रंग दिला त्या नॉर्वे स्प्रूसविषयीं, आणि त्यांतहि त्याच्या सुईसारख्या पानाविषयीं.

बोटाच्या पेराएवढी ही सुई चिमटींत धरून फिरविली तर सहज फिरते. कारण ती चौकोनी असते. तिचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला म्हणजे तिची सारी घडण दिसते. बाहेर मेणाचा लेप, मग जाड भिंतींच्या पेशींची त्वचा, तिला आधार देणारी पेशींची आणखी एक ओळ, आंत हिरवा गर आणि मधोमध कड्यानें वेढलेली शीर. चारी अंगांवर श्वासरंध्रांच्या रांगा. दोन बाजूंच्या कोपऱ्यांशीं राळेच्या नळ्या.

हीच घडण डोंगरागणिक कशी बदलते, हें पाहणें वाटतें तितकें सोपें नाहीं. एकाच झाडाच्या शेंड्यावरील उन्हांत वाढलेली सुई जाड असते आणि खालच्या सावलींतली पातळ व चपटी. तेव्हां दरींतल्या झाडाची खालची फांदी आणि शिखरावरल्या झाडाचा शेंडा यांची तुलना करणारा मनुष्य डोंगरांची नव्हे, उन्हाची तुलना करीत असतो. राळेच्या नळ्यांची गोष्ट आणखी फसवी. त्या सुईच्या सबंध लांबींत अखंड नसतात, मध्येंच तुटतात. एका ठिकाणीं काप घेतला तर दोन दिसतात, थोडें सरकून घेतला तर एक किंवा एकहि नाहीं! म्हणून जाणता संशोधक पुष्कळ झाडांच्या, एकाच वयाच्या, एकाच उंचीवरल्या सुया घेतो व त्या नेमक्या मध्यावर कापतो. इतकें करूनहि पुष्कळदा असें आढळतें कीं, एकाच रानांतल्या दोन झाडांत जितकें अंतर, तितकें दोन रानांच्या सरासरींत नसतें.

उंचीचा परिणाम मात्र खरा आहे, आणि तो आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. थंडी-वाऱ्यांत वरच्या झाडांनीं आपलें मेणचट आवरण जाड केलें असेल, असें कोणासहि वाटेल. ट्रांक्विलिनी व बेग यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, वृक्षसीमेकडे जावें तसें तें पातळ होत जातें. वरचा उन्हाळा इतका आंखूड कीं, सुईला तें पुरतें विणावयास सवडच मिळत नाहीं. मग हिंवाळ्याच्या अखेरीस ऊन सुईला तापवितें, मुळांखालची माती गोठलेली असते, पातळ आवरणांतून पाणी उडून जातें, आणि झाड बर्फांत उभें राहून तहानेनें करपतें.

हा फरक जागेचा. बीजाचा कोणता? ऑस्ट्रियांतील चीस्लार यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या उंचीवरचें बीं एकत्र पेरलें, तेव्हां उंचावरच्या बियांचीं रोपें खालीं आणूनहि हळूच वाढलीं. पुढें १९६४-६८ च्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांत सुमारें १,१०० ठिकाणचें बीं १३ देशांतील २० जागीं वाढविण्यांत आलें. वाढीचा वेग, डोळे फुटण्याची वेळ हीं बव्हंशीं बीजाबरोबर येतात. सुईची जाडी मात्र उजेडापुढें फार लवकर वांकते.

यांत अडचण कोणाची, असें कोणी विचारील. जर्मनींतील हार्ट्‌झ डोंगरावर खालच्या मुलखांतलें बीं पूर्वी उंचावर लावलें गेलें. मूळच्या डोंगरी स्प्रूसचा शेंडा निमुळता, त्यावरून बर्फ घसरून पडतें. या परक्या झाडांचे पसरट शेंडे बर्फाच्या भारानें मोडले. चेक सरहद्दीवरील डोंगरांत १९७० ते १९९० च्या दरम्यान गंधकाच्या धुरानें रानेंच्या रानें वाळलीं. २०१८ पासूनच्या दुष्काळानंतर हार्ट्‌झमध्यें साल पोखरणाऱ्या भुंग्यांनीं उरलेल्यांचा फडशा पाडला. आतां पुन्हां बीं गोळा करावयाचें तर मूळचें झाड कोणतें आणि आणलेल्याची संतति कोणती, हें ओळखणें आलें.

सुई तें सांगेल काय? जात सांगते. सर्बियांत पांचिच यांना १८७५ सालीं सांपडलेला ओमोरिका स्प्रूस घ्या: त्याची सुई चपटी, श्वासरंध्रांचे पांढरे पट्टे एकाच अंगाला, नवशिकाहि तो ओळखील. पण एकाच जातींतलें झाड कोणत्या डोंगरचें, हें एका सुईला विचारूं नये, असें माझें मत आहे. हार्ट्‌झच्या करड्या, वाळक्या खोडांमधून आज रोपें आपोआप उगवत आहेत. त्यांच्या सुया चौकोनी, टोंकदार, हुबेहूब एकमेकींसारख्या दिसतात; त्यांचें कुळ शोधावयाचें तर पेशींतील आनुवंशिक द्रव्यच तपासावें लागतें.