तरुण कोठे बसतात?

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शाखांच्या बैठकांतून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. पक्षाने फेसबुकवर पान काढले, ठराव आणि पत्रके तेथे नियमितपणे प्रसिद्ध होतात. परंतु ती वाचणारे बहुधा पक्षातलेच आणि पन्नाशी उलटलेले. तरुण तिकडे फिरकत नाहीत, ते इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर असतात. यावरून तरुण पिढी उथळ व चंगळवादी झाली असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. हा निष्कर्ष सोयीचा आहे. त्यात विश्लेषण मात्र नाही.

मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर कामगार एका हॉटेलात बसे आणि शेजारच्या हॉटेलात बसत नसे. त्याचे कारण चहाच्या चवीत क्वचितच सापडे. आपल्या गावची, आपल्या खात्यातली माणसे कोठे बसतात आणि जॉबर कोठे बसतो, हे पाहून तो जागा निवडी. तरुणही माध्यम निवडतात ते याच हिशेबाने. फेसबुकवर काका, मामा, शिक्षक आणि वरिष्ठ येऊन बसले, तेव्हा तरुण तेथून उठले. त्यात नवल ते काय?

परंतु एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यातील तरुणाच्या हाती चित्रफीत आली. टिकटॉकची गोष्ट या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. फेसबुक किंवा त्या काळचे इन्स्टाग्राम यांवर आधी ओळखीपाळखीचे जाळे लागे. ज्याच्या मागे इंग्रजी शिक्षण, बरे कपडे, बरे घर, त्याचे जाळे मोठे. टिकटॉक उघडले की थेट चित्रफीत सुरू होई. अनोळखी माणसाची चित्रफीत ते आधी थोड्या अनोळखी लोकांना दाखवी, आणि त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली तर आणखी लोकांना. त्यामुळे शेतमजुराच्या पोराला बांधावर उभे राहून अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलता आले आणि त्याला प्रेक्षक मिळाले. लिहिण्यावाचण्याची अट नव्हती. शहरी सुशिक्षितांनी याची जी टिंगल केली, ती कलेची समीक्षा नव्हती. मे २०२० मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक असा जो वाद रंगला, त्यातही वर्गीय तुच्छतेचा दर्प स्पष्ट होता.

याचा अर्थ टिकटॉक हे श्रमिकांचे व्यासपीठ होते असा नव्हे. तीही एक भांडवली कंपनी. तरुण जितका वेळ पाहत राहील तितकी तिची जाहिरातींची कमाई. व्यासपीठ उधारीचे होते, आणि उधारी कशी वसूल होते हे २९ जून २०२० रोजी दिसले. गलवानमधील चकमकीनंतर दोनच आठवड्यांत केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण दिले गेले. ज्यांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला, त्यांचे म्हणणे कोणी विचारले नाही. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ची चाचणी सुरू केली. आज तरुणांना इन्स्टाग्राम ‘आवडते’ असे म्हणताना, शेजारचे दार सरकारने बंद केले होते याचा विसर पडता कामा नये.

उरलेली दारे तरी कोणाची? फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम सुमारे १०० कोटी डॉलरला खरेदी केले. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी सुमारे १,९०० कोटी डॉलरचा सौदा केला. स्नॅपचॅट विकले गेले नाही, तेव्हा चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या ‘स्टोरी’ची त्याची कल्पना इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये उचलली. एप्रिल २०२० मध्ये याच फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले. म्हणजे वडीलधाऱ्यांना कंटाळून फेसबुक सोडणारा तरुण ओटीवरून माजघरात जातो. घरमालक तोच राहतो.

म्हणून पक्षाने या घरात जाऊच नये काय? शेतकरी आंदोलनाने याला व्यवहारातच उत्तर दिले. डिसेंबर २०२० मध्ये किसान एकता मोर्चाचे फेसबुक पान काही तास बंद केले गेले आणि ओरड झाल्यावर पुन्हा उघडले गेले. दिल्लीच्या सीमेवरील तरुणांनी म्हणून माध्यमे सोडली नाहीत. पण त्यांच्यावर विसंबूनही ते राहिले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे छापील पत्र काढले. पंजाबी आणि हिंदी मजकुराचे ते पत्र आंदोलकांच्या तळांवर हातोहात वाटले जाई. ते बंद करण्याची कळ कोणत्याही कंपनीच्या हाती नव्हती.